भाकरी आणि उपदेश

ब्रिटनमध्ये २०२३-२४ या एका वर्षात ‘ट्रसेल’ या संस्थेच्या फूड बँकांनी ३१ लाखांहून अधिक शिधापेट्या वाटल्या. त्यांतल्या ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होत्या. २०१०-११ मध्ये हा आकडा जेमतेम ६१ हजार होता. जिथे दवाखाना फुकट, शाळा फुकट आणि बेकारांना भत्ता मिळतो, अशा श्रीमंत देशात माणसं तीन दिवसांच्या डबाबंद अन्नासाठी चर्चच्या हॉलमध्ये का उभी राहतात? आणि त्यात त्यांचा स्वतःचा वाटा किती?

या प्रश्नावर इथे एक मामा आणि एक भाची वाद घालत आहेत. मामा १९७० च्या दशकात महाराष्ट्रातून गेलेला, दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणपट्ट्यात आयुष्यभर दवाखाना चालवून निवृत्त झालेला डॉक्टर. भाची एका शहरातल्या सल्ला केंद्रात लोकांना सरकारी बेनिफिटचे अर्ज भरून देते. दोघंही या लेखापुरतीच. त्यांच्या बोलण्यात येणारे आकडे आणि इतिहास मात्र खरा आहे.

मामा : अगं, मदतीला माझा विरोध असता तर दर शनिवारी फूड बँकेत बीन्सचे डबे रचायला गेलो असतो का? माझं म्हणणं एवढंच की घेणाऱ्याकडून कसलीच अपेक्षा ठेवायची नाही, हे मला पटत नाही. दान सत्पात्री असावं असं आपल्याकडे म्हणतात, ते काही उगाच नाही.

भाची : पात्रता तर दारातच तपासतात. ट्रसेलच्या केंद्रात कोणी रस्त्यावरून उठून येत नाही. डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सिटिझन्स अॅडव्हाइससारखं सल्ला केंद्र, कोणाची तरी चिठ्ठी लागते. म्हणजे आधी एका अनोळखी माणसासमोर आपली अडचण मांडायची, मग दुसऱ्या अनोळखी माणसाकडून पास्ता आणि टिकाऊ दूध घ्यायचं. एवढी लाज गिळून जो येतो, त्याच्याकडून आणखी काय हवंय तुला?

मामा : त्या चिठ्ठीत गरज लिहिलेली असते, वागणं नाही. ही वेळ त्याच्यावर का आली आणि पुन्हा येऊ नये म्हणून तो काय करणार, हे कोणी विचारत नाही. न विचारण्याचे परिणाम मी डोळ्यांनी पाहिलेत. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला आणि खोऱ्यातल्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. मग बेकारांच्या यादीतून आजाऱ्यांच्या यादीत सरकायची वाट तयार झाली. तिथे भत्ता जास्त, आणि काम शोधल्याचा पुरावा मागायला कोणी येत नाही. पाठीचं दुखणं खरं होतं, छातीतली धूळही खरी होती. पण चाळिशीतला माणूस एकदा त्या यादीत गेला की साठीपर्यंत बाहेर यायचा नाही. घरात बसून तो आणखी आजारी पडायचा. पुढे त्याचा विशीतला मुलगा आजारपणाचा तोच कागद मागायला यायचा. मदतीनेही माणूस खचतो, हे कुठल्या राजकारण्याने मला सांगितलेलं नाही. माझ्या दवाखान्यात ते रोज दिसत होतं.

भाची : तुला दिसलं ते खोटं नाही. पण तो कागद सगळ्यांना सोयीचा होता, हेही बघ. आजाऱ्यांच्या यादीतला माणूस बेकारांत मोजला जात नाही, त्यामुळे सरकारला बेकारी कमी दाखवता आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या भत्त्यांवर सात-आठ लाख लोक होते, २००० नंतर पंचवीस लाखांच्या पुढे गेले. आता ते कुठे होते ते सांग. मर्थर टिडफिल, ग्लासगो, लिव्हरपूल, डरहॅमचा खाणपट्टा. सरेसारख्या सधन परगण्यात तुरळक. आळस पोस्टकोड बघून पसरतो का रे?

मामा : नाही पसरत. कारण बाहेरचं होतं, मान्य. पण कारण बाहेरचं आहे म्हणून उपायही बाहेरूनच येईल असं समजणं घातक. त्याच खोऱ्यांत उलटं उदाहरणही आहे. ट्रेडेगर नावाचं गाव. तिथल्या खाण आणि पोलाद कामगारांनी १८९० मध्ये मेडिकल एड सोसायटी काढली. पगारातून दर आठवड्याला थोडी वर्गणी कापून घेतली, त्यातून डॉक्टर नेमले, दवाखाना चालवला. ए. जे. क्रोनिन हा कादंबरीकार तिथेच डॉक्टर होता. कोणी उपकार केले नाहीत, कोणी हात पसरला नाही. गरिबांनी स्वतःच्या पैशातून स्वतःची सोय केली. व्यक्तीची जबाबदारी म्हणतात ती ही!

भाची : आणि त्याच ट्रेडेगरच्या अन्यूरिन बेव्हनने पुढे काय केलं? तो त्या सोसायटीच्या कामात होता. आरोग्यमंत्री झाल्यावर त्याने ५ जुलै १९४८ ला तीच कल्पना सगळ्या देशासाठी राबवली. वर्गणीच्या जागी कर आला, गावाच्या जागी देश. कारण ट्रेडेगरमध्ये सोसायटी होती, सगळ्या खोऱ्यांत तेवढी भक्कम सोय नव्हती. शिवाय पगारातून वर्गणी कापायला आधी पगार लागतो. खाण बंद पडते तेव्हा माणसाला सोसायटीची सगळ्यात जास्त गरज असते, आणि नेमकी तेव्हाच वर्गणी आटते.

मामा : पण वर्गणी देणाऱ्याला, हे माझं आहे, असं वाटायचं. आज भत्ता घेणाऱ्याला तसं वाटतं का? आणि कर भरणाऱ्याला वाटतं की आपल्या खिशातून कोणीतरी उचलून नेतंय. दुकानातला पोरगा पहाटे पाचला उठून कामाला जातो आणि शेजाऱ्याच्या खिडकीचे पडदे अकरापर्यंत उघडत नाहीत. त्याचा राग तू चुकीचा ठरवशील का?

भाची : चुकीचा नाही, पण आंधळा आहे. पडद्यामागचा माणूस कदाचित रात्रपाळी करून झोपला असेल. बेनिफिट घेणारे सगळे रिकामटेकडे, हा समजच आता जुना झाला. कामावर असलेल्यांनाही युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळतो, कारण पगारातून भाडं आणि पोट दोन्ही भागत नाही. आणि हे आजचंही नाही. चॉकलेटच्या कारखानदारीतला सीबम राउंट्री, श्रद्धाळू क्वेकर, त्याने १८९९ मध्ये यॉर्कमध्ये घरोघर पाहणी केली. त्याने गरिबीचे दोन भाग पाडले. एका भागात पै-पै नीट खर्चली तरी ज्यांचं पोट भरूच शकत नाही अशी घरं. दुसऱ्यात, मिळकत पुरली असती पण ती दारूत किंवा इतरत्र जाते म्हणून भागत नाही, अशी घरं.

मामा : म्हणजे दुसरा भाग होताच की!

भाची : होता, आणि पहिल्यापेक्षा मोठा होता. राउंट्रीने ते लपवलं नाही, मीही लपवत नाही. पण पहिल्या भागाचं कारण बघ. त्यातली निम्म्याहून अधिक माणसं अशा घरांत होती जिथे कमावता माणूस रोज कामावर जात होता, मजुरीच कमी होती. त्याने हीच पाहणी १९३६ आणि १९५० मध्ये पुन्हा केली. १९३६ मध्ये मुख्य कारण बेकारी निघालं, १९५० मध्ये म्हातारपण. यॉर्कच्या लोकांचा स्वभाव पन्नास वर्षांत दोनदा बदलला का? मजुरी बदलली, कारखाने बदलले, पेन्शन आलं.

मामा : स्वभाव बदलत नाही, म्हणूनच दुसरा भागही गेला नाही ना. फूड बँकेत येणाऱ्यांत मला दर महिन्याला एक-दोन तरी असे दिसतात. पैसे आले होते, तीन दिवसांत सट्टेबाजीच्या दुकानात गेले. त्याला मी पुन्हा पिशवी भरून द्यायची, हसून, काही न बोलता. आजी म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

भाची : अंथरुणाचं माप घे मग. पंचविशीपुढच्या एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम महिन्याला ४०० पौंड होती. घरभाड्याचा वाटा वेगळा मिळतो, पण बऱ्याचदा तो खऱ्या भाड्याला पुरत नाही, मग फरक याच चारशेतून. अर्ज केल्यावर पहिला पैसा यायला साधारण पाच आठवडे. मधल्या काळासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती कर्जाऊ, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. फूड बँकांनी ‘केटल बॉक्स’ का सुरू केले, तुला माहीत आहे. गॅस-विजेच्या मीटरमध्ये पैसे भरायला नसतात, म्हणून नुसत्या उकळत्या पाण्यात होईल असं अन्न द्यावं लागतं. यात सट्टा खेळणारा मूर्ख आहेच. पण तुझ्यामाझ्या मूर्खपणाची किंमत आपल्याला परवडते. मी चुकून महागडा फोन घेतला तर सुट्टीची सहल रद्द होते. त्याने घेतला तर वीज जाते.

मामा : हे मात्र खरं बोललीस. पैसेवाल्याच्या चुका पैशात जिरून जातात. पण याचा अर्थ चूक ही चूकच नाही असा होत नाही.

भाची : तुला डॉक्टर म्हणून विचारते. तीस वर्षं सिगारेट ओढलेला रुग्ण धाप लागून आला, तेव्हा आधी सिगारेट सोड, मग ऑक्सिजन देतो, असं कधी म्हणालास?

मामा : कधीच नाही. पण तू अर्धीच गोष्ट सांगतेस. ऑक्सिजन दिला, आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत सिगारेटबद्दल बोललो. त्याच्या बायकोला बोलावून बोललो. त्याच्या बापाची छाती मीच तपासली होती, त्या अधिकाराने बोललो. उपचाराला अट नव्हती, पण मी गप्प बसलो नाही. तुम्ही लोकांनी मदतीतून हे बोलणंच काढून टाकलंत. ‘जज’ करायचं नाही म्हणता. म्हणजे समोरचा खड्ड्यात चाललाय हे दिसत असूनही तोंड मिटून ठेवायचं, आणि त्याला आदर म्हणायचं.

भाची : मामा, बोलणं कोणी काढून टाकलं नाही, ते भलत्याच्या हाती गेलंय. जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, येऊन बस एक दिवस. कामाचा शोध पुरेसा घेतला नाही, भेटीला उशिरा आलास, कारण पटत नाही, म्हणून पैसे कापले जातात. २०१२ च्या नियमांनुसार तीनदा गंभीर चूक झाली तर तब्बल तीन वर्षं भत्ता बंद ठेवता यायचा. २०१९ मध्ये ती मुदत सहा महिन्यांवर आणावी लागली. २०१० ते २०१५ या काळात बेकारभत्ता घेणाऱ्या साधारण चौघांपैकी एकाला कधी ना कधी अशी शिक्षा झाली. देशाच्या लेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की एका जॉबसेंटरमध्ये शिक्षा सर्रास होते आणि दुसऱ्यात क्वचित. शिक्षा देणारा माणूस तुझ्यासारखा बापाची छाती तपासलेला नसतो. त्याच्यासमोर संगणकाचा पडदा असतो, दहा मिनिटं असतात आणि खिडकीपलीकडे एक नाव.

मामा : ते मला मुळीच मान्य नाही. ओळख नाही, पाळख नाही, आणि चारित्र्याचा निकाल? माझं म्हणणंच ते आहे. माणसाला तू जबाबदार आहेस असं सांगायचं तर त्याला ओळखणारा हवा. सरकारला माणूस ओळखता येत नाही. ते काम शेजाऱ्याचं, गुरुद्वाराचं, चर्चचं, आपल्या मंडळाचं.

भाची : आणि फूड बँकेत काय चाललंय? जी ओळखणारी माणसं, ती काय करतात? चिठ्ठी तपासतात, घरात किती माणसं ते विचारतात, यादीप्रमाणे डबे मोजतात. म्हणजे रेशनचं दुकान. माणसाच्या वागण्याचा न्याय सरकार करायला लागलं, आणि पोटाला घालायचं सरकारचं काम शेजाऱ्यांच्या गळ्यात पडलं. दोघांनीही एकमेकांची कामं घेतली आणि दोघांनाही ती नीट जमत नाहीत.

मामा : हे मला पटतंय, पण तू समजतेस त्या कारणाने नाही. तू म्हणशील, सगळ्यांना बिनशर्त पैसे द्या आणि विषय संपवा.

भाची : बिनशर्त नाही म्हणत. किमान तेवढं म्हणते, ज्याच्या खाली कोणाला जाऊच द्यायचं नाही. आणि ते ठरवताना स्वभावाची चौकशी नको. दोन मुलांच्या मर्यादेचं उदाहरण घे. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमधली वाढ बंद केली. पालकांनी परवडेल तेवढीच मुलं जन्माला घालावीत, हा तुझाच न्याय. दर मुलामागे वर्षाला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास नुकसान. जन्मदर फारसा हलला नाही, असं अभ्यासकांना दिसलं. गरीब मुलं तेवढी वाढली. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, एप्रिल २०२६ पासून ती मर्यादा काढायची घोषणा करावी लागली. धडा शिकवायचा होता आईबापांना, उपाशी राहिली लेकरं.

मामा : तिसऱ्या मुलाचा दोष नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या घराने दोनांवर थांबायचं ठरवलं, पोटाला चिमटा घेऊन, त्यांना तू काय सांगशील? त्यांच्या संयमाला काही किंमत आहे की नाही? तुम्ही दयेचा हिशेब फार बारीक मांडता, पण संयमाचा हिशेब कोणी मांडत नाही. त्यातूनच मतपेटीत राग भरतो आणि मग येतं ते सरकार तुझं किमानही काढून घेतं.

भाची : बरोबर आहे. त्या घराला मी सांगेन की त्यांचं पोट भरतं की नाही ते शेजारच्या मुलाच्या ताटावर ठरत नाही, मजुरी आणि भाड्यावर ठरतं. त्यांना हे पटेलच असं नाही.

मामा : नाही पटणार. असो. तुझी खरी भीती काय आहे, ते सांग. ओळखीच्या माणसांनी मदत करावी, यात वाईट काय?

भाची : ओळखीला दोन धारा असतात. एकोणिसाव्या शतकातल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने घरोघर भेटी देऊन पात्र-अपात्र ठरवलं. समाजसेवा या व्यवसायाचा पाया त्यातून घातला गेला, हे मी विसरत नाही. पण ज्याची वागणूक भेट देणाऱ्या बाईंना पटली नाही, तो अपात्र. जो तुला ओळखतो, तो तुझ्यावर रुसूही शकतो. नवऱ्याला सोडून आलेली, व्यसनातून सुटू न शकलेला, गावात नवा आलेला, यांची ओळखच त्यांच्या विरोधात जाते. आपल्याच लोकांचं बघ. इथल्या वर्क व्हिसावर आणि स्टुडंट व्हिसावर सरकारी मदतीचा हक्क नसतो, अशी अटच असते. पुण्या-नागपुरातून आलेल्या मुलाची नोकरी गेली तर त्याला युनिव्हर्सल क्रेडिट नाही. मग कोण?

मामा : आपण. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गावोगावी आता मंडळं आहेत. एक मेसेज पडला की तासाभरात राहायची सोय होते. मी स्वतः मुलं घरी ठेवून घेतलीत. आपल्याकडे वार लावून जेवून शिकलेल्या पिढीचे आपण वंशज.

भाची : गणपतीला येणाऱ्या मुलाची सोय होते. दूरच्या गावात वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी, मालकाने पगार बुडवलेली केअरर कुठल्या ग्रुपवर असते? तिला मंडळ माहीत नाही, मंडळाला ती माहीत नाही. वार लावून जेवण्याची गोष्टही नीट सांग. कोणाच्या दारात ताट वाढलं जाई आणि कोणाच्या दारातून मुलाला परत पाठवलं जाई, ते त्याच्या हुशारीवर थोडंच अवलंबून होतं? जातीवर होतं.

मामा : ते खरं आहे, आणि ते ऐकायला मला आवडत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. ठीक आहे. पोटापुरतं सरकारने द्यावं, ओळख न विचारता. त्यासाठी माझ्या पेन्शनवरचा कर वाढला तरी चालेल. पण मग फूड बँका बंद होतील. त्यांचंही ध्येय तेच असल्याचं सांगतात. त्या हॉलमध्ये शनिवारी जी माणसं जमतात, त्यांचं काय? एकटी म्हातारी येते, तिला डब्यांपेक्षा चहा आणि गप्पा हव्या असतात. ते कुठल्या खात्यात बसवणार?

भाची : कुठल्याच नाही, म्हणूनच ते तुमचं. कर्जाचा गुंता सोडवायला बरोबर बसणं, इंग्रजी न येणाऱ्यासोबत इस्पितळात जाणं, सट्ट्यातून सुटू पाहणाऱ्याला रात्री फोन उचलून धीर देणं. पैशाने होत नाही ते सगळं. डबे मोजण्यात तुमची शनिवारची सकाळ जाते, म्हणून याला वेळ उरत नाही.

मामा : पण मला त्या सट्टेबाजाशी स्पष्ट बोलायची मुभा हवी. भीड न ठेवता. पैसे सरकार देईल, चहा मी देईन, पण त्याला मी सांगणारच की बाबा, तू चुकतोयस आणि तुझं घर बुडवतोयस. हे सांगायलाच बंदी असेल तर माझी मदत मला नको.

भाची : जरूर बोल, मामा. मात्र तुझं बोलणं नको वाटलं तर त्याला उठून जाता आलं पाहिजे, आणि तरी त्याचं पोट भरलेलं असलं पाहिजे. तेव्हा तो बसून राहिला तर समज, त्याने तुझं ऐकलं. आज तो हो-हो म्हणतो, ते पिशवीसाठी.

मामा : आणि उठून गेला तर?

भाची : तर पुढच्या शनिवारी पुन्हा बोलायचं. सिगारेटवाल्याशी किती वर्षं बोलत होतास?